अधिक चौकशी आवश्यक

पोलिसात होतो म्हटलं की लोक विचारतात, किती चोर पकडले? खरं सांगायचं तर एकही नाही. नोकरीची शेवटची सतरा वर्षं मी एकाच टेबलाशी बसून काढली, आणि त्या टेबलावर चोर येत नसत. पासपोर्टच्या पडताळणीचे अर्ज येत आणि वर्षाकाठी चार-दोन परदेशी माणसं येत. बीड जिल्ह्यात परदेशी माणूस येऊन येऊन किती येणार? म्हणून ते टेबल कुणालाच नको असे. तिथे ना रुबाब होता, ना बंदोबस्ताचा भत्ता. मी मात्र खूश होतो. सकाळी नेकनूरहून एसटीनं निघायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी परतायचं. पुढे बायकोच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा तिला बीडला मशीनवर न्यावं लागायला लागलं, तेव्हा तर ते टेबल मला देवासारखं वाटू लागलं.

कामाचं स्वरूप असं. परदेशी माणूस जिल्ह्यात राहायला आला की त्याची नोंद घ्यायची. व्हिसाची मुदत संपत आली की त्याच्या मुदतवाढीचे कागद वर पाठवायचे. आणि त्यानं भारताचं नागरिकत्व मागितलं, तर गावात जाऊन चौकशी करायची आणि अहवाल लिहायचा. हा माणूस कसा आहे, कुणात मिसळतो, याच्यापासून देशाला काही धोका आहे का, हे माझ्यासारख्या बारावी झालेल्या जमादारानं दोन पानांत लिहायचं. पुढे दिल्लीपर्यंत सगळे साहेब तीच दोन पानं वाचतात. गावात तर फक्त मीच गेलेला असतो.

एकदा कपिलधारहून फोन आला, एक गोरा म्हातारा तीन दिवसांपासून धबधब्यासमोर वही घेऊन बसलाय आणि नकाशे काढतोय. जाऊन बघतो तर वहीत पानोपानी बेडकं. आमच्या तेव्हाच्या साहेबांनी बेडकांच्या झेरॉक्स काढून अहवालाला जोडायला लावल्या. असे प्रसंग सांगून मी आजवर पुष्कळ चहा प्यालो आहे. पण या अंकासाठी संपादकांनी लिहा म्हटल्यावर मला बेडकं लिहवेनात. मी एकाच बाईविषयी लिहिणार आहे.

तिचं नाव रोसाली. फिलिपिन्सची. घाटनांदूरजवळच्या एका धनगरवस्तीवरचा नवनाथ आखाती देशात एका शेठच्या घरी गाडी चालवायचा आणि ही त्याच गल्लीत दुसऱ्या घरी धुणंभांडी करायची. दोघांनी लग्न केलं आणि नवनाथ तिला घेऊन वस्तीवर आला. वस्तीनं रोसालीची रुसाबाई केली.

पहिल्यांदा दोघं माझ्यासमोर आले तेव्हा नवनाथ तापलेला होता.

"साहेब, बायको हाय माझी. तिची नोंद पोलिसात कावून करायची? काय चोरी केलीय का तिनं?"

"नियम आहे बाबा. परदेशी माणसाची नोंद चौदा दिवसांत करावी लागते."

"परदेशी कशाची? लग्न केलंय म्या."

ती मधे पडली नाही. लाल साडीत, डोक्यावर पदर घेऊन, पाय जुळवून बसली होती. जायला निघाल्यावर तिनं मला हात जोडले आणि पाठ केलेलं एकच वाक्य म्हटलं, "येते दादा."

त्यानंतर ती दर वर्षी मुदतवाढीसाठी येत राहिली. दर वर्षी तिची मराठी वाढलेली असे. सासू गोदाबाई हिच्याबरोबर मेंढरामागं फिरून ती भाषा शिकली होती, त्यामुळे बोलणं पक्कं वस्तीचं होतं. एकदा रांगेत एक जाडजूड माणूस तिच्यापुढं घुसला. ती शांतपणे म्हणाली, "सरक की बे मागं." अख्खी कचेरी हसली. तिला वाटलं आपलं काही चुकलं. बे हा शब्द बायका वापरत नाहीत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला मुलगी झाली. पूजा. पूजा जन्मानं भारतीय, कारण बाप भारतीय. एकाच खाटेवर निजणाऱ्या मायलेकींतली एक या देशाची होती आणि दुसरी माझ्या रजिस्टरातली.

नवरा भारतीय असेल तर सात वर्षं इथे राहिल्यावर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मीच नवनाथला हे समजावून सांगितलं होतं, कागदांची यादी लिहून दिली होती. सात वर्षं भरायला चार महिने उरले असताना विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून नवनाथ गेला.

तेराव्यानंतर ती आली. सोबत गोदाबाई होती. मी नियमाचं पुस्तक पुन्हा पाहिलं, वर फोन करून विचारलं. उत्तर एकच आलं. नवरा हयात नाही म्हणजे त्या कलमात ती बसत नाही. आता इतर कुणाही परक्यासारखी बारा वर्षं भरायची आणि मग अर्ज करायचा.

"चार म्हयन्यासाठी पाच वर्सं?" ती म्हणाली.

"हो ताई."

"त्यानं मरायच्या आधी तुमाला इचारायला पायजे व्हतं."

रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, जसं काही खरंच नवनाथकडून एक काम राहून गेलं होतं.

माहेरी परत जायचा पर्याय होता. तिथे आई होती, भाऊ होता. मी तिला विचारलंही. ती म्हणाली, "पूजाचं रान इथं हाय." नवनाथच्या वाट्याची चार एकर जमीन आता या मायलेकींची होती. नवनाथचा धाकटा भाऊ भागवत त्याच जमिनीवर डोळा ठेवून होता. वहिनी गेली की पोरगी जाईल, पोरगी गेली की रान आपलं, इतका सरळ हिशेब. तिला तो कळत होता. म्हणून ती राहिली. पाच वर्षं मेंढरं राखली, दुसऱ्यांच्या रानात खुरपलं, आणि दर वर्षी माझ्या टेबलापुढं येऊन बसली.

बारा वर्षं भरल्यावर अर्जाची खटपट सुरू झाली. नागरिकत्व मागणाऱ्याला इथली एखादी भाषा येते, असा दाखला शिक्षणसंस्थेकडून आणावा लागतो. तिला एका प्राध्यापकांकडे पाठवलं. त्यांनी तिला दहा ओळी लिहायला सांगितल्या. तिनं मेंढरांची लोकर कशी कातरतात ते लिहिलं. पूजाच्या पाटीवर पूजाबरोबरच ती अक्षरं शिकली होती. प्राध्यापकांनी 'व्हतं', 'न्हाई', 'गेलतो' यांच्याभोवती लाल गोल केले आणि सांगितलं, ही प्रमाण मराठी नाही, सहा महिन्यांनी या. मी तो कागद पाहिला. माझी आई आयुष्यभर याच भाषेत बोलली, आणि तिचं नागरिकत्व कुणी तपासलं नव्हतं. मी स्वतः प्राध्यापकांकडे गेलो, विनवण्या केल्या आणि दाखला आणला. हे मी का सांगतोय? तोवर मी वाईट माणूस नव्हतो, एवढंच मला नोंदवून ठेवायचं आहे.

तेव्हा आणखी एक नियम होता. आपण नागरिकत्वासाठी अर्ज करतोय, कुणाची हरकत असेल तर कळवावी, अशी जाहिरात अर्जदारानं वर्तमानपत्रात द्यायची. तिनं दिली. ती भागवतनं वाचली.

त्याची हरकत आली. बाई गावात धर्मप्रचार करते, चालचलन संशयास्पद आहे, परदेशात फोनवर बोलते. खाली गावातल्या सातजणांच्या सह्या. चौकशीला मी वस्तीवर गेलो. सह्या करणाऱ्यांतले चारजण म्हणाले, कोरा कागद होता, भागवत म्हणाला लाईटीचा अर्ज हाय. मग मी गोदाबाईचा जबाब घेतला. म्हातारी कोकराला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजत होती.

"सून धर्मप्रचार करते का?"

"आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या शेजारी तिनं तिचा देव ठिवलाय. दोगं भांडल्याचं मला तरी आजून ऐकू आलं न्हाई."

"परदेशात फोन करते?"

"आईला करती. तुमी तुमच्या आईला करीत न्हाईत का?"

"हरकत तुमच्या पोटच्या पोरानं घेतलीय."

"पोटचा हाय म्हनूनच सांगती, लबाड हाय," म्हातारी म्हणाली. "लिवा. अंगठा देते."

मी लिहिलं. अंगठा घेतला. रोसालीनं चहा केला, त्यात मेंढीचं दूध होतं. एसटीत बसल्या बसल्या मी मनात अहवाल तयार केला. अर्जदार सालस, कष्टाळू, हरकतीत तथ्य नाही, नागरिकत्व देण्यास शिफारस. काही अडचणच नव्हती.

दोन दिवसांनी त्या भागातल्या एका पुढाऱ्याचं बोलावणं आलं. त्यांना सगळे अप्पा म्हणत. भागवत निवडणुकीत त्यांची गाडी चालवायचा. अप्पांनी मला ओसरीवर खुर्ची दिली, पोहे मागवले, बायकोची तब्येत विचारली. तीनदा मशीनवर न्यावं लागतं, हे त्यांना माहीत होतं.

"जमादार, मी तुमाला खोटं लिवा म्हनत न्हाई," ते म्हणाले. "माझ्या तोंडून तसलं कदी निघायचं न्हाई. फकस्त घाई करू नका. बाईमाणूस हाय, परमुलखातलं हाय, नीट बघून घ्या. काय?"

"चौकशी पूर्ण झालीय अप्पा."

"चौकशी कदी पूर्न व्हती का?" ते हसले. "बदल्यांची यादी निघतीय म्हनं पुढल्या म्हयन्यात. तुमी या टेबलावर लई वर्सं झाली, असं कुनीतरी म्हनत व्हतं. म्या म्हनलं, अरे त्याच्या घरी दुखनं हाय, त्याला हितंच राहू द्या."

एवढंच झालं. धमकी नाही, पाकीट नाही. पोहे चांगले होते, हेही मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहायला बसलो. गोदाबाईचा जबाब जसाच्या तसा उतरवला, सह्यांची हकीकतही लिहिली. एक शब्द खोटा लिहिला नाही. मात्र शेवटी, शिफारशीच्या जागी, मी तीन शब्द लिहिले. अधिक चौकशी आवश्यक.

कचेरीत काम केलेल्या माणसाला या तीन शब्दांचं वजन सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. या शब्दांमुळे अर्ज फेटाळला जात नाही. फेटाळला तर माणूस दाद मागेल. हे शब्द लिहिले की फाईल वर जाते, वरचा साहेब म्हणतो खालचाच म्हणतोय चौकशी हवी, तो तसा शेरा मारून बाजूला ठेवतो, आणि मग ती फाईल कुणाचीच राहत नाही. माझी बदली झाली नाही. बायकोचं मशीन चालू राहिलं. रोसालीची फाईल दीड वर्षानं, पुन्हा चौकशी करा म्हणून, फिरून माझ्याच टेबलावर आली.

तोवर अप्पा निवडणूक हरले होते. दुसऱ्या वेळी मी स्वच्छ शिफारस लिहिली. मला आठवतं, सही करताना मला थोडा अभिमानही वाटला होता. माणूस स्वतःला किती स्वस्तात माफ करतो!

मग वरून पत्र आलं. अर्ज मान्य होण्यासारखा आहे, पण अर्जदारानं आधी मूळ देशाचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला जोडावा. हीच या कामातली सगळ्यांत अवघड पायरी आहे, आणि बाहेर ती कुणाला ठाऊक नसते. इकडचं हातात पडायच्या आधी तिकडचं सोडावं लागतं. तिनं मुंबईला जाऊन पासपोर्ट परत केला, दाखला आणला. मी तो वर पाठवला. आता महिनाभरात प्रमाणपत्र येईल, असं मी तिला सांगितलं. पाच महिने झाले तरी आलं नाही.

त्या पाचव्या महिन्यात ती धावत कचेरीत आली. दुपारी एकचा सुमार होता.

"दादा, आई दवाखान्यात हाय. भाऊ म्हनतो, दोन-तीन दिवस. मला जायचंय."

"कशावर जाणार ताई? पासपोर्ट नाही तुमच्याकडे."

"तुमी काही कागद द्या."

"मी कसा देणार? तुम्ही अजून इथल्या नागरिक नाही."

"मंग तिथला मागते."

"तिथलं तुम्ही सोडलंय."

ती टेबलाची कड धरून उभी राहिली. "मंग मी आता कुठली हाय?"

माझ्या रजिस्टरात प्रत्येक परदेशी माणसापुढे एक रकाना असतो, राष्ट्रीयत्व. मी तो उघडून पाहिला. त्यात जुना देश लिहिलेला होता आणि तो आता खोटा होता. दुसरं लिहायला माझ्याकडे काहीही नव्हतं. मी मुंबईला, दिल्लीला फोन लावले. एकानं सांगितलं फाईल सहीला आहे, दुसऱ्यानं सांगितलं साहेब दौऱ्यावर आहेत. ती तीन दिवस रोज पहिल्या एसटीनं यायची आणि आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. वस्तीवर मोबाईलला धड रेंज नव्हती, इथे होती, हेही एक कारण.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता भावाचा व्हिडिओ कॉल आला. मी दारातून पाहिलं. तिनं फोन दोन्ही हातांनी समोर धरला होता. पडद्यावर फुलं, पांढरी पेटी आणि गाणारी माणसं. ती त्यांच्या गाण्यात हलक्या आवाजात सूर मिसळत होती. तिची भाषा मी सोळा वर्षांत पहिल्यांदा ऐकली. बाजूनं शिपाई चहा घेऊन जात होते, पासपोर्टवाले अर्ज भरत होते. एका पोरसवदा अधिकाऱ्यानं विचारलं, "काय चाललंय हे?" मी म्हणालो, "मयत आहे साहेब." त्यानं व्हरांडाभर पाहिलं, प्रेत कुठे दिसलं नाही, तसा तो निघून गेला.

मी परत टेबलाशी बसलो. फाईल दीड वर्ष आधी सुटली असती तर ती आज तिथे असती. यात दिल्लीचा दोष किती, मुंबईचा किती, ते मला माहीत नाही. दीड वर्ष मात्र माझं होतं.

प्रमाणपत्र त्यानंतर सात आठवड्यांनी आलं. मी त्याच महिन्यात निवृत्त होणार होतो. शपथेच्या वेळी मी हजर होतो. साहेबांच्या दालनात तिनं कागदाकडे न बघता शपथ म्हटली, या देशाच्या घटनेशी निष्ठा राखीन म्हणून. साहेबांनी अभिनंदन केलं, शिपायानं पेढा दिला. पेढा तिनं पूजासाठी रुमालात बांधून घेतला.

निवृत्तीनंतर चार महिन्यांनी बायको गेली. घरात बसवेना. एक दिवस घाटनांदूरची एसटी धरली आणि वस्तीवर गेलो. ठरवून गेलो होतो, सगळं सांगायचं. रोसाली गोठ्याबाहेर बसून मेंढीचे खूर कापत होती. पूजा बाजूला अभ्यास करत होती. मी बाजेवर बसलो आणि अप्पांच्या ओसरीपासून सांगायला सुरुवात केली. बायकोचं दुखणं सांगितलं. ती खूर कापत राहिली. मी तीन शब्दांवर आलो तेव्हा तिनं हात वर केला.

"मला म्हाईत हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पूजाच्या मास्तरनं कागद मागवला व्हता. माहितीच्या अधिकारात. मी नागरिक नव्हते, मला मागता येत न्हाई, मंग सासूच्या अंगठ्यानं मागवला. पूजानं वाचून दाखवला. तुमी चहा पिऊन गेलता त्याच्या पुढच्या वर्साची गोष्ट."

"म्हणजे फाईल परत यायच्या आधी?"

"व्हय."

"मग इतकी वर्षं तुम्ही मला काही बोलल्या का नाहीत?"

तिनं मेंढीचा पाय सोडला. "मुदतवाढ तुमच्याच हातात व्हती. दुसऱ्यांदा चौकशी तुमीच करनार व्हता. बोलले असते तर तुमी आनखी तीन शब्द लिवले असते. मला पोरगी हाय, रान हाय. दर वर्सी यिऊन तुमाला दादा म्हनले. घरी यिऊन चूळ भरायचे."

पूजानं वहीतून मान वर केली नाही. मी म्हणालो, मला माफ करा.

"माफी मागाया तुमी माझ्या घरी आलाव," ती म्हणाली, "म्हंजी आता चहा बी मीच करायचा." आणि ती उठली नाही. मेंढीचा दुसरा पाय हातात घेत म्हणाली, "मी तुमच्यावर अर्ज करनार हाय. मास्तरला लिवून दाखवलाय. तुमी आलाव ते बरं झालं, तुमच्या तोंडून ऐकलं. आता कुनाला भ्यायचं कारन न्हाई मला."

"करा," मी म्हणालो.

"करनारच हाय. तुमची परवानगी न्हाई मागत."

फाट्यापर्यंत पायी आलो. एसटीला दीड तास होता.

अर्ज तिनं खरोखरच केला. पंधरा दिवसांनी मला खुलासा मागणारं पत्र आलं. निवृत्तिवेतनावर परिणाम होऊ शकतो, असं त्यात लिहिलं होतं. जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले, अमुक लिहा, तमुक म्हणा, तीन शब्दांत कुठे गुन्हा असतो का. मी लिहिलं, अर्जातील मजकूर खरा आहे. अप्पांच्या घरच्या बैठकीचीही हकीकत लिहिली, सही केली, स्वतः जाऊन आवक-जावकला दिलं आणि पोच घेतली.

त्याला आता दोन वर्षं होत आली. मधे मी चौकशी करायला गेलो होतो. माझ्या टेबलावर आता एक तरुण मुलगी बसते, हुशार आहे. तिनं संगणकात पाहिलं आणि म्हणाली, काका, तुमचं प्रकरण वर गेलंय, अजून काही आलेलं नाही. रोसालीबाई पण विचारायला येतात, दर महिन्याला. त्या सोमवारी येतात, तुम्ही दुसऱ्या वारी येत जा.